सहावं घर

परवाचीच गोष्ट, अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. मी साताऱ्यात एका लायसन्सवाल्या दुकानात बंदुका दुरुस्तीचं काम करतो. सकाळी एक रिटायर्ड सुभेदार काका आले, सोबत रिव्हॉल्वर विकणारे गृहस्थ. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीचं पॉइंट बत्तीस, सहा गोळ्यांचं, नळी पुढे मोडून उघडणारं. "बघून घ्या मिस्त्री, सगळ्या मिळून दहा-बारा गोळ्याच झाल्यात," विकणारे म्हणाले.

दोघांची लायसन्सं बघितली, उघडून सहाही घरं, म्हणजे गोळ्या बसतात ती भोकं, रिकामी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री केली. पॉलिश तर असलं चकचकीत की विचारू नका, पण ठोकलेल्या अक्षरांच्या कडा घासून गोल झालेल्या आणि स्क्रूच्या खाचा चावल्यासारख्या, तिथेच मनात पाल चुकचुकली, दहा-बारा गोळ्यांचं हत्यार कोण कशाला परत पॉलिशला टाकेल?

वरची कडी, बिजागरी घट्ट होती. ही घरं असलेला फिरता सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, ०.१५ मिमी भरली, ठीकच म्हणायची.

मग टायमिंग, म्हणजे हॅमर (मागचा घोडा) ओढला की प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येऊन सिलिंडर लॉक होतो का ते. हे फार सावकाश करायचं असतं, कारण झटक्यात हॅमर ओढला की सिलिंडर आपल्याच वेगाने पुढे जाऊन लॉक होतो आणि दोष झाकला जातो. सिलिंडरला अंगठ्याने हलकंसं रोखलं आणि हॅमर इंच इंच मागे घेत गेलो. पाच घरं बरोबर, प्रत्येक वेळी 'खट'. सहाव्याला हॅमर पूर्ण मागे जाऊन थांबला तरी आवाजच नाही. बोटाने सिलिंडर केसभर ढकलला, तेव्हा कुठे लॉक झाला. म्हणजे घर नळीच्या समोर आलेलंच नव्हतं! तशात गोळी सुटली तर नळीच्या तोंडाच्या कडेवर घासणार आणि फटीतून शिशाचे कण आजूबाजूला उडणार, शेजारच्याच्या डोळ्यात गेले तर काय?

सिलिंडर ढकलणारा पंजा झिजला असता तर सहाही घरं कमी पडली असती. एकच पडतंय म्हणजे दोष स्टारच्या, म्हणजे पंजा ज्याला ढकलतो त्या सिलिंडरमागच्या दातेरी चकतीच्या, एका दातात. भिंगाखाली बघितलं, त्या एका दाताची कड गोल झालेली.

"अहो, मी चालवून बघितलंय, काही झालं नाही," विकणारे म्हणाले. मी म्हटलं, साहेब, जोरात ओढलं असणार तुम्ही.

काकांनी स्वतः चार वेळा करून बघितलं आणि शांतपणे सांगितलं, दुरुस्ती होईपर्यंत व्यवहार नाही. मग विकणाऱ्यांनीही हातात घेऊन सावकाश ओढलं. सहाव्या घराला 'खट' झालंच नाही.