परभणीहून इमॅजिका की रामोजी?

मुलांना घेऊन एखाद्या मोठ्या थीम पार्कमध्ये मुक्कामी जायचे ठरवले की परभणीकरांपुढे दोन नावे हमखास येतात: रायगड जिल्ह्यात खोपोली-पाली रस्त्यावर असलेली इमॅजिका आणि हैदराबादच्या पलीकडे विजयवाडा महामार्गावर असलेली रामोजी फिल्म सिटी. गंमत अशी की दोन्हीकडे जायला आपल्याकडची देवगिरी एक्सप्रेसच उपयोगी पडते. ती एका दिशेने रात्रभर धावून पहाटे कल्याणला पोहोचवते आणि दुसऱ्या दिशेने सकाळी परभणी सोडून, नांदेड-निजामाबाद करत, दुपारपर्यंत हैदराबाद गाठते. रस्त्याने हैदराबाद साधारण साडेतीनशे किलोमीटर, तर खोपोली बीड-नगर-पुणे मार्गे साडेचारशेच्या आसपास पडते. त्यामुळे ज्यांना विचारले त्या बहुतेकांनी काहीही न विचारता रामोजीचेच नाव घेतले. माझी निवड मात्र वेगळी झाली. या दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्ही इमॅजिकाचे बुकिंग केले आहे आणि त्यामागचा विचार सविस्तर लिहावासा वाटला, कारण असाच पेच आमच्या ओळखीतल्या अनेक घरांत पडलेला असतो.

कागदावर पाहिले तर ही दोन ठिकाणे जवळजवळ सारखी वाटतात. दोन्हीकडे पार्कला लागून किंवा पार्कच्या आवारातच हॉटेल आहे. इमॅजिकाशेजारी २०१५ मध्ये सुरू झालेले, आता २८७ खोल्यांचे नोव्होटेल आहे, तर रामोजीच्या आवारात सितारा आणि तारा ही दोन मोठी हॉटेले असून त्यांहून स्वस्त अशी शांतिनिकेतन आणि सहारा हीसुद्धा आहेत. खोली, सकाळचा नाश्ता आणि पार्कचा प्रवेश असे एकत्र पॅकेज दोन्हीकडे मिळते. मुलांचे तिकीट दोन्हीकडे वयावर नव्हे तर उंचीवर ठरते, जेवणखाण दोन्हीकडे आत महागच पडते आणि दर दोन्हीकडे तारखेप्रमाणे बदलतात. म्हणून केवळ पॅकेजच्या किमती शेजारी शेजारी मांडून काही ठरेना. फरक कळला तो आपल्या घरातले प्रत्येक माणूस तिथे सकाळी दहापासून रात्रीपर्यंत नेमके काय करील, हे लिहून काढल्यावर. घरात मी आणि यजमान, नववीतली लेक, दुसरीतला मुलगा आणि सत्तरीला आलेल्या, गुडघेदुखीने बेजार असलेल्या सासूबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले होते, “मला कुठं बसवू नकोस गं माय, मी आपली सावलीत बसते.” आता सावलीत बसण्यासाठी कोणी पूर्ण तिकीट काढत नाही, आणि त्यांना घरी ठेवून जायचे नाही हेही ठरलेलेच होते.

आधी रामोजीबद्दल लिहिते, कारण तिच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ‘ईनाडू’ वृत्तपत्र समूहाचे रामोजी राव यांनी ती १९९६ मध्ये उभी केली. १,६६६ एकरांवर पसरलेले जगातले सर्वांत मोठे चित्रपट स्टुडिओ संकुल म्हणून तिची गिनीज बुकात नोंद आहे. मराठी घरांशी तिचे एक जुने नातेही आहे: ई टीव्ही मराठी २००० मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे काम इथूनच चालत असे, आणि मराठवाड्यातली बरीच मुले पत्रकारितेची पहिली नोकरी करायला याच आवारात गेली होती. सासूबाईंना आजही त्या वाहिनीच्या बातम्यांची सुरावट आठवते. इथला दिवस मुख्यतः पाहण्याचा असतो. प्रवेशद्वारापासून बसने आत नेतात, मग गाइड असलेल्या लाल रंगाच्या उघड्या बसमधून रेल्वे स्थानक, विमानतळ, तुरुंग, परदेशी गल्ल्या आणि पौराणिक महालांचे सेट दाखवतात, आणि एकच इमारत एका बाजूने रुग्णालय तर दुसऱ्या बाजूने कचेरी कशी होते हे समजावतात. त्याशिवाय स्टंट शो, चित्रीकरणाची करामत दाखवणारा शो, पक्षी उद्यान, फुलपाखरांचे उद्यान, बोन्साय बाग, लहान मुलांसाठी फंडुस्तान आणि वेगळे पैसे मोजून करायचे साहसी खेळ असे पुष्कळ काही आहे. ज्याला झोके, उंच पाळणे, पोटात गोळा आणणाऱ्या राइड यांत रस नाही, अशा माणसालाही तिथे दिवसभर पुरेल एवढे आहे. वयस्क माणसाला बसमध्ये बसून निम्मे पाहता येते, ही तर फार मोठी सोय आहे.

मग अडले कुठे? अडले ते मुक्कामावर. रामोजी हा एका दिवसाचा ऐवज आहे, आणि तो दिवस साधारण संध्याकाळपर्यंत आटोपतो. सणासुदीच्या काळात तिथे रोषणाई आणि मिरवणुकीचे कार्यक्रम रात्रीपर्यंत चालतात, पण एरवी संध्याकाळनंतर आवारातल्या हॉटेलात राहून करायचे काय, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बस आणि तेच सेट पाहण्यात अर्थ नाही. शिवाय सासूबाईंची धाकटी बहीण हैदराबादेत काचीगुड्याला राहते. तिच्याकडे उतरून सकाळी निघाले तर शहरापासून तीसेक किलोमीटरवरचे हे ठिकाण आरामात एका दिवसात होते. मावशी त्याच शहरात असताना आपण आवारातल्या हॉटेलात भरमसाट पैसे देऊन राहिलो, हे तिला कळले तर पुढची काही वर्षे तरी ऐकावे लागेल, हा मुद्दा यजमानांनी मांडला आणि तो कोणालाही खोडता आला नाही.

इमॅजिकाचा दिवस याच्या अगदी उलट प्रकारचा असतो. मनमोहन शेट्टी यांच्या ॲडलॅब्जने २०१३ मध्ये ती सुरू केली, पुढच्या वर्षी वॉटर पार्क आणि २०१६ मध्ये स्नो पार्क जोडले गेले, आणि २०२२ पासून ती संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. इथे पाहण्यापेक्षा बसायचे असते, आणि बसण्यासाठी रांगेत उभे राहायचे असते. लेकीचा सगळा डोळा ‘नायट्रो’वर आहे: सुमारे चाळीस मीटर उंचीचा, ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारा, पाच वेळा उलटा फिरवणारा आणि पायाखाली फळीच नसलेला रोलर कोस्टर. मी त्यात बसणार नाही, हे इथेच नोंदवून ठेवते. धाकट्याची उंची मोठ्या राइडच्या अटीत बसत नाही. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खुणा करून, टाचा उचलल्या की नाही यावर वाद घालून, ती पुन्हा पुन्हा मोजली गेली आहे. परंतु त्याच्यासाठी लहान मुलांच्या राइड आहेत आणि मोठ्यांसोबत बसता येण्याजोग्याही काही आहेत. भारतभरच्या आकाशातून उडत गेल्याचा भास देणारी ‘आय फॉर इंडिया’ तर सासूबाईंनाही आवडेल, असे मला वाटते. धाकट्याचे मन मात्र ‘राजासॉरस’ या नावानेच जिंकले. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नाही: नर्मदेच्या खोऱ्यात, गुजरातमध्ये त्याचे जीवाश्म सापडले आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव दिले. आपल्याच देशातल्या डायनासोरवर बेतलेली पाण्यातली सफर आहे हे कळल्यापासून उंचीची अट काय आहे ते रोज विचारले जाते.

इमॅजिकात मुक्कामाला अर्थ का येतो, तर तिथे थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही एका दिवसात करणे लहान मुलांना घेऊन शक्य नाही. पहिला दिवस राइडचा, दुसरा पाण्याचा आणि मधली रात्र शेजारीच, अशी विभागणी आपोआप होते. दुपारी धाकटा पेंगुळला तर त्याला पाच-दहा मिनिटांत खोलीवर नेता येते आणि लेकीला बापाबरोबर रांगेत सोडता येते. आवारालगतच्या हॉटेलाचे जादा पैसे मी याच सोयीसाठी मोजायला तयार झाले. हॉटेलातला तरणतलाव, खिडकीतून दिसणारा डोंगर वगैरे गोष्टी माझ्या हिशेबात नव्हत्या.

सासूबाईंचा प्रश्नही इथेच सुटला, तोही अनपेक्षित बाजूने. अष्टविनायकांपैकी दोन रायगड जिल्ह्यात आहेत. खोपोलीजवळच्या महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. इमॅजिका ज्या रस्त्यावर आहे तो पालीलाच जातो, आणि महड खोपोलीपासून अगदी थोड्या अंतरावर आहे. (चवदार तळ्याचे महाड ते वेगळे, जिल्हा एकच असल्याने आमच्या घरीही थोडा वेळ गोंधळ झाला होता.) मराठवाड्यातून अष्टविनायक यात्रा करायची तर बसच्या सहलीत दोन-तीन दिवस धावपळ करत आठही देवळे उरकावी लागतात, आणि गुडघे दुखू लागल्यापासून त्यांनी तो विचार सोडून दिला होता. आता राइडच्या दिवशी त्या हॉटेलात विश्रांती घेतील, आणि मुले पाण्यात असतील त्या दिवशी आम्ही दोघी गाडी करून महड आणि पाली करून येऊ. म्हणजे त्यांचे वॉटर पार्कचे तिकीट काढायचेच नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही नाही. तिथे सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राचे पोहण्याचे कपडे लागतात, आणि त्या वेशात फोटो काढून घेण्याची माझी हौस कधीच संपलेली आहे.

म्हणूनच मला असे वाटते की तीन पिढ्यांच्या कुटुंबाने सगळ्यांना सगळे आवडेल असे ठिकाण शोधण्यात वेळ घालवू नये. ज्याला त्यातले काही आवडणार नाही त्याला तिथून सहज बाहेर पडता येते का, हे आधी पाहावे. रामोजीच्या दीड हजारांवर एकरांच्या आवारात एकदा बसने आत गेल्यावर कुटुंबाने दोन वाटा धरणे कठीण जाते. इमॅजिकात ते सोपे आहे, कारण हॉटेल दाराशी आहे आणि आजूबाजूला स्वतंत्रपणे जाण्याजोगे काही आहे.

इमॅजिकाच्या उणिवाही थोड्या नाहीत. मुंबई आणि पुणे दोन्ही जवळ असल्याने शनिवार-रविवारी तिथे तोबा गर्दी असते, आणि अशा दिवशी रांग टाळण्यासाठी वेगळे पैसे देऊन घ्यायचा एक्सप्रेस पास न घेतल्यास जेमतेम निम्म्या राइड होतात. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातले दिवसही सुरक्षित नसतात, कारण तो शाळांच्या सहलींचा मोसम असतो. पावसाळ्यात खोपोली-लोणावळ्याच्या घाटात जो पाऊस कोसळतो तो आपल्याकडच्या पावसाच्या हिशेबाने मोजूच नये. जोराच्या सरीत आणि विजा चमकत असताना उघड्यावरच्या मोठ्या राइड थांबवाव्या लागतात, आणि लेकीला ज्याच्यासाठी जायचे तेच बंद मिळण्याची शक्यता राहते. मे महिन्यात परभणीचे बेचाळीस-त्रेचाळीस अंश सोडून कोकणाच्या घामट उकाड्यात रांगेत उभे राहणे मला मंजूर नव्हते. उरली दिवाळीची सुट्टी. भाऊबीज झाल्यावर आठवड्याच्या मधले दिवस धरले आहेत. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि दुपारी पाण्यात उतरण्याइतके ऊनही असते. भाऊबीजेला माहेरी नांदेडला जाऊन लगेच परत फिरावे लागणार, याबद्दल माझ्या भावाने थोडी कुरकुर केली, पण ती मिटली.

प्रवासाच्या बाबतीत दोन पर्याय होते. कल्याणहून खोपोलीला लोकल जाते, परंतु पहाटे उतरून, सामान आणि सासूबाईंना सांभाळत लोकलचा डबा पकडण्यापेक्षा कल्याणहूनच गाडी ठरवणे बरे. स्वतःची मोटार घेऊन जाण्याचा यजमानांचा आग्रह होता. जाताना आणि येताना साडेचारशे किलोमीटर एकट्याने चालवून मग दिवसभर रांगेत उभे राहायचे आहे, हे लक्षात आणून दिल्यावर तो मावळला. रेल्वेचे आरक्षण आता पूर्वीसारखे चार महिने नव्हे, तर साठ दिवस आधीच उघडते. तेव्हा दिवाळीच्या काळात जाणाऱ्यांनी ती तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी आणि खालचा बर्थ लागणाऱ्या वयस्कांचे वय अर्जात नीट भरावे.

ज्यांच्या घरात सगळी मुले लहान आहेत, ज्यांना चित्रपटांची आवड आहे, ज्यांचे नांदेड-देगलूरकडे घर आहे किंवा हैदराबादेत कोणी नातलग नाही, त्यांनी रामोजीच निवडावी. त्यांच्यासाठी आवारातला मुक्कामही सोयीचा ठरेल, कारण दिवसभराच्या पायपिटीनंतर शहराच्या वाहतुकीतून परत जावे लागत नाही. आणि ज्यांना केवळ पाण्यात खेळायचे आहे त्यांनी इतके लांब जाण्याचेही कारण नाही. शिर्डीला याच मालपाणी समूहाचे वेट अँड जॉय वॉटर पार्क आहे आणि शेजारीच साईतीर्थ हे भक्तिपर थीम पार्क आहे. दर्शनासाठी आपण जातोच, त्यात एक दिवस वाढवला की झाले.

आमची रामोजी रद्द झालेली नाही, ती मावशींच्या घरावर सोपवली आहे. उन्हाळ्यात नको, संक्रांतीनंतर या, असे त्यांनी फोनवर सांगितले आहे, आणि सालारजंग संग्रहालय एका दिवसात होत नाही तेव्हा जास्तीचे कपडे आणा, असेही बजावले आहे.