अल्गोलची नोंदवही: घड्याळ पुतण्याच्या ताब्यात

या हंगामात अल्गोल, ययाती तारकासमूहातला तेज बदलणारा तारा, निरीक्षणाला परत धरला, पण एका अटीवर. मिनिमा (तारा सर्वांत मंद होतो तो क्षण) कधी आहे हे मला आधी कळता कामा नये.

कारण सांगतो. मागच्या हिवाळ्यातला माझा आलेख फारच देखणा आला होता. उतार सरळ, तळ बरोबर अ‍ॅपने सांगितलेल्या वेळी, चढ तसाच. नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या अंदाजांत ०.१-०.२ प्रतीची (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) चूक धरूनच चालायची असते, मग इतका सफाईदार आलेख आला कुठून? दहा वाजून चाळीस मिनिटांनी तारा सर्वांत मंद होणार हे माहीत असलं, की साडेदहाला तो मंदच ‘दिसतो’. रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांचं काम करणाऱ्यांना हे जुनं दुखणं ठाऊक आहे. म्हणून तर मागचा आकडा न बघता पुढचा अंदाज घ्या, असं नवशिक्याला पहिल्या दिवशीच बजावतात.

तर व्यवस्था अशी. अल्गोलचं आवर्तन २ दिवस २० तास ४९ मिनिटांचं. म्हणजे तीन रात्रींनी पुढचा मिनिमा सव्वातीन तासांच्या आसपास अलीकडे सरकतो. आज पहाटे २:१० ला असेल तर परवा रात्री १०:५९ ला, आणि त्यानंतर तीन दिवसांनी संध्याकाळी ७:४८ ला. एक मिनिमा सापडला की पुढचे आपोआप डोक्यात मांडले जातात, ही खरी अडचण. पावसाळ्याने साखळी तोडली होती, तेवढंच नशीब. वेळापत्रक पुतण्याकडे दिलं. मिनिमाच्या रात्री आणि काहीच घडणार नाही अशा रात्री त्याने आपल्या मनाने मिसळायच्या आणि मला फक्त “काका, आज वर या” म्हणायचं. पहिला मिनिमा सापडल्यावर नुसतं एवढं पुरेना, म्हणून घड्याळही त्याच्याकडे गेलं. कमी-जास्त अंतराने तो हाक मारतो, मी अंदाज बोलतो, तो वेळेसकट लिहितो. वही मला हंगाम संपेपर्यंत बंद. पोरगं या कामात माझ्यापेक्षा कडक निघालं.

अंदाजाची रीत नेहमीचीच, नव्या मंडळींसाठी एकदा लिहून ठेवतो. एक उजळ आणि एक मंद असे दोन तुलना तारे घ्यायचे आणि अल्गोल त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवायचं. ययातीतला एप्सिलॉन २.९ प्रतीचा, कॅपा ३.८ चा. अल्गोल एप्सिलॉनपासून एक तृतीयांश खाली वाटला तर २.९ अधिक ०.३, म्हणजे ३.२. उजळ असतो तेव्हा शेजारच्या देवयानी तारकासमूहातला गॅमा लागतो, तो २.१ चा. आणि कृपा करून शेजारच्या ऱ्हो ययातीला तुलनेला घेऊ नका. अगदी जवळ आहे म्हणून मोह होतो, पण तो स्वतःच ३.३ ते ४.० च्या दरम्यान बदलतो, शिवाय लालसर. बदलत्या मोजपट्टीने बदलतं कापड मोजण्यासारखं होतं ते.

आता निकाल. मिनिमाच्या रात्री २.१ वरून ३.४ च्या आसपास घसरण व्यवस्थित पकडली गेली, त्यात नवल नाही. फरक आलेखात आहे. ठिपके मागच्या वर्षापेक्षा जास्त विखुरलेले, तळ पसरट. ट्रेसिंग पेपरवर उतार आणि चढ गिरवून, कागद पालथा करून दोन्ही बाजू जुळवल्या आणि मधली रेघ काढली, तर काही रात्री ती अ‍ॅपच्या वेळेपासून पंधरा-वीस मिनिटं हललेली. माझ्या डोळ्यांची खरी पोच एवढी आहे. नोव्हेंबरात पृथ्वी अल्गोलच्या बाजूला असते, त्यामुळे प्रकाश सूर्यापाशी पोचण्याआधी साडेसात-आठ मिनिटं आपल्याकडे येतो. मिनिमाची वेळ सूर्यापाशी धरून लिहितात म्हणून ही दुरुस्ती करायची असते, पण ती या विखुरण्यात बुडून जाते. पुष्कळ मिनिमांची सरासरी घेतली तरच तिचा काही माग लागेल.

पण मजा आली ती रिकाम्या रात्रींनी. अशाच एका रात्री, तारा पश्चिमेला कलल्यावर, मी बोललेले अंदाज हळूहळू मंद होत गेले. मिनिमा आहे असं समजून मी खूश. नंतर वही उघडली तर त्या रात्री काहीच नव्हतं! नशिबाने मी प्रत्येक ताऱ्याशी तुलना वेगळी बोललो होतो. एप्सिलॉनच्या मानाने अल्गोल मंद होत गेला होता, आणि त्याच वेळी देवयानीतल्या गॅमाच्या मानाने उजळ. ताराच मंद झाला असता तर दोघांच्याही मानाने मंद दिसायला हवा होता. मावळतीला गॅमा सर्वांत खाली असतो, एप्सिलॉन सर्वांत वर, अल्गोल मध्ये. जो खाली त्याचा प्रकाश जाड हवेतून येतो, तो जास्त खाल्ला जातो. म्हणजे बदल होता तो क्षितिजाजवळच्या हवेमुळे. एकच तुलना तारा वापरला असता तर ती रात्र अर्धवट मिनिमा म्हणून वहीत राहिली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता.

रिकाम्या रात्रींचा दुसरा उपयोग मला आधी सुचलाच नव्हता. सुमारे ६९ तासांच्या आवर्तनात ग्रहण, म्हणजे मंद जोडीदार ताऱ्याचं आड येणं, चालतं दहाएक तास, उरलेल्या वेळात डोळ्याला तेज सपाट. हा सपाटपणा दाखवायचा तर काही न घडणाऱ्या रात्रीच लागतात, आणि आपण सगळे नेमक्या त्याच टाळतो.

इथे जॉन गुडरिक आठवतो. इंग्लंडमधल्या यॉर्कचा कर्णबधिर मुलगा, वय १८. नोव्हेंबर १७८२ मध्ये त्याला अल्गोल मंद झालेला दिसला, आणि पुढच्या वर्षी त्याने आवर्तनकाळ रॉयल सोसायटीपुढे मांडला. कॉप्ली पदक मिळालं, १७८६ मध्ये २१ व्या वर्षी गेला. मला त्याचं कौतुक आहे ते कारणाबाबत. एखादा मोठा काळा गोल ताऱ्यापुढून जात असावा किंवा ताऱ्याच्या अंगावर डाग असावेत, असे दोन्ही पर्याय त्याने ठेवले. सपाट भाग इतका लांब आहे म्हटल्यावर डागांचं पारडं हलकं वाटतं खरं, कारण फिरणाऱ्या ताऱ्यावरचा डाग सहसा अर्धा फेरा तरी दिसत राहील. पण हा झाला युक्तिवाद. तेजाचे आकडे आणखी शंभर वर्षं गोळा केले असते तरी बाजू पुरती लागली नसती. ती लागली १८८९ मध्ये, जेव्हा जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या हेरमान फोगेलने वर्णपट (ताऱ्याच्या प्रकाशाची रंगवार फोड, तिच्यातल्या रेषा सरकण्यावरून ताऱ्याची गती कळते) बघितला: मिनिमाच्या आधी तारा आपल्यापासून दूर जातोय, नंतर जवळ येतोय. अदृश्य जोडीदाराभोवतीची फेरीच ती. डागांना असलं काही करता येत नाही.

आणि फोगेलनंतरही अल्गोलने छळलंच. मोठा तारा सूर्याच्या तिप्पटीहून थोडा जास्त वस्तुमानाचा आणि तारुण्यात. जोडीदार सूर्याहूनही हलका, पण म्हातारपणाकडे झुकलेला. जड तारे आधी म्हातारे होतात हा ताऱ्यांच्या जीवनक्रमाचा पायाच, तोच इथे उलटा. तरी कुणी पाया उखडला नाही. १९५० च्या दशकात उत्तर आलं की आजचा हलका तारा मूळचा जड होता, फुगला आणि आपलं वस्तुमान शेजाऱ्याला देऊन बसला. असं उत्तर वेळ मारून नेण्यासाठीही देता येतं, म्हणून इतर जोड्यांत वाहत्या वायूच्या खुणा दिसल्या हे महत्त्वाचं.

पुढचा बेत वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा. आवर्तन ५.३७ दिवस, ३.५ ते ४.४. हाही गुडरिकचाच, १७८४ चा. तो सतत बदलत असल्यामुळे रिकामी रात्र हा प्रकारच नाही, तेव्हा लपवाछपवी कशी करायची ते ठरायचंय. पुतण्या म्हणतो, दरवेळी तुलना ताऱ्यांची जोडी बदलू आणि तुमच्याकडून आकडा घ्यायचाच नाही, फक्त ‘याच्यापेक्षा उजळ की मंद’ एवढंच. करून बघू.

कुणी या हिवाळ्यात अल्गोल करत असेल तर कच्चे अंदाज पाठवा, त्यावरून काढलेले प्रतीचे आकडे नकोत. कुठल्या ताऱ्याशी तुलना केली आणि तेव्हा तारा किती उंचीवर होता, एवढं सोबत असलं म्हणजे झालं. आणि तुमच्या रिकाम्या रात्री गाळू नका.