फौजेत जायच्या आधी बोटांचा विमा

आर्मी डेंटल कोरचं, म्हणजे फौजेतल्या दाताच्या डॉक्टरांच्या शाखेचं, जॉइनिंग लेटर आलं तेव्हा आमच्या घरी कापसाची वेचणी चालू होती, अंगणात गाठोडी पडलेली, आई मजुरांचे पैसे मोजून राहिली होती आणि मी मोबाईल हातात घेऊन नुसता उभा. पुलगावजवळचं आमचं गाव. नागपूरला बीडीएस केलं, चार वर्षं तालुक्याच्या गावी क्लिनिक चालवलं, मग नीट एमडीएसच्या, म्हणजे दाताच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या, स्कोअरवर इंटरव्ह्यूला बोलावलं आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशनमध्ये, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या अधिकाऱ्याच्या नोकरीत, नंबर लागला. तेव्हापासून ज्युनियर पोरं विचारून राहिली की दादा इंटरव्ह्यूला काय विचारलं, मेडिकलला काय काय बघतात, पगार किती पडतो. सगळ्यांना सांगतोच. पण जायच्या आधीच्या तीन महिन्यांत मी सगळ्यात जास्त वेळ ज्या कामात घातला त्याबद्दल एकानंही विचारलं नाही, ते म्हणजे स्वतःचा अपंगत्व विमा. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो.

हे डोक्यात आलं त्याला कारण घडलं होतं. मागच्या वर्षी श्रावणात क्लिनिक बंद करून घरी येताना गाडी स्लिप झाली. काळ्या मातीचा चिखल डांबरावर आलेला असला की काय होते ते आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. मोठं काहीच लागलं नाही, उजव्या मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड तेवढं तडकलं. या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो म्हणून ते लवकर जुळत नाही, दहा आठवडे प्लास्टर, आणि त्या प्लास्टरमध्ये अंगठाही बांधून टाकतात. चार बोटं मोकळी, अंगठा बंद. करून बघा, अंगठ्याशिवाय साधा पेन धरता येत नाही, मी मिरर आणि प्रोब काय धरणार? दहा आठवडे शटर खाली. खुर्चीचा ईएमआय चालू, दुकानाचं भाडं चालू, असिस्टंट मुलीला अर्धा पगार द्यायचो कारण तिचंही घर होतं.

प्लास्टर निघालं त्याच्या पंधरा दिवसांनी पहिली रूट कॅनल केली. १० नंबरची के-फाइल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी साफ करायची सुई, टोकाला ०.१० मिलिमीटर, केसासारखी. ती कॅनलमध्ये कुठं अडते, कुठं वळते हे डोळ्यानं दिसत नाही, ते अंगठा आणि तर्जनीच्या पेरांना कळते. त्या दिवशी मला ते कळेना. फाइल आत होती आणि बोटं गप्प होती. मी पेशंटला टेंपररी फिलिंग करून आठ दिवसांनी बोलावलं आणि शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. नंतर आलं सगळं परत, महिन्याभरात हात पहिल्यासारखा झाला, पण आपलं पूर्ण शिक्षण, आईबाबांनी त्यासाठी काढलेलं कर्ज, हे सगळं दोन पेरांवर उभं आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं.

बाबांना विम्याचं सांगितलं तर ते म्हणाले, "अरे बापा, सरकार तुले पगार देते, दवाखाना देते, पेन्शन देते, मंग हा इमा कायले पायजे?" प्रश्न चुकीचा नाही. आमच्या भागात फौज म्हणजे पुलगावचा दारूगोळा डेपो. ३१ मे २०१६ ची रात्र आमच्या गावात कोणी विसरलेलं नाही, मध्यरात्रीनंतरचे ते आवाज, लाल झालेलं आभाळ, लोकं लेकरं उचलून शेताकडं पळालेली. त्या आगीत दोन अधिकारी आणि कितीतरी फायरचे लोक गेले. गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारनं सोडलं नाही हे बाबांनी पाहिलंय, म्हणून त्यांचा विश्वास आहे आणि माझाही आहे. पण गेलेला माणूस आणि हात अधू होऊन परत आलेला माणूस, या दोघांचे हिशोब वेगळे असतात.

फौजेत काय मिळते ते आधी सांगतो. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड, सगळे एजीआयएफ म्हणतात, १९७६ पासून आहे, त्यात पगारातून दर महिन्याला कापतात, हो-नाही म्हणायचा प्रश्नच नाही. त्यात मृत्यूचं कव्हर आहे आणि अपंगत्वामुळं सेवेतून बाहेर काढलं तर टक्केवारीच्या प्रमाणात एकरकमी पैसे आहेत. त्याशिवाय डिसेबिलिटी पेन्शन. ती मिळायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे मेडिकल बोर्डानं अपंगत्व किमान २० टक्के धरलं पाहिजे, आणि दुसरी म्हणजे ते सेवेमुळं झालं किंवा सेवेमुळं वाढलं असं मान्य झालं पाहिजे. १०० टक्के अपंगत्वाला अपंगत्वाचा भाग शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, ५० टक्क्यांना १५, असा हिशोब आहे, सर्व्हिसचा भाग वेगळा. हे चांगलंच आहे, बाहेरच्या कुठल्या खाजगी नोकरीत एवढं मिळत नाही.

पण माझ्यासारख्याचं काय? मी पर्मनंट कमिशनवाला नाही. पाच वर्षं, मग वाढवली तर आणखी नऊ, म्हणजे जास्तीत जास्त चौदा वर्षं, त्यानंतर गावाकडं येऊन पुन्हा खुर्ची टाकायची आहे. चौदा वर्षं झाली तरी शॉर्ट सर्व्हिसवाल्याला नेहमीची पेन्शन नसते, ग्रॅच्युइटी मिळते. समजा माझ्या बोटाला १५ टक्के नुकसान झालं. बोर्डाच्या दृष्टीनं मी ठीकठाक माणूस, चालतो, लिहितो, सलाम करतो, २० च्या खाली म्हणून पेन्शन नाही. पण दाताच्या डॉक्टरचा धंदा तिथं संपला. किंवा समजा सुट्टीवर घरी आलो आणि शेतात काहीतरी झालं, तर ते सेवेमुळं झालं का यावरच कागद फिरत राहणार. खाजगी विम्याला हा प्रश्न नसतो, अपघात झाला, करारातल्या व्याख्येत बसला, पैसे दिले.

आता खाजगीत काय मिळते ते बघा, आणि इथं मी तीन आठवडे नुसती पॉलिसीची कागदं वाचली. अमेरिकेत म्हणे दाताच्या डॉक्टरला दाताचं काम करता येईना तर महिन्याला पैसे देणारा विमा असतो, तुम्ही दुसरं काही काम करत असाल तरीही. मी इथं शोधला, माझ्यासारख्या एकट्या माणसाला कोणी द्यायला तयार झालं नाही. आपल्याकडं हाती लागते ते दोन प्रकारचं. एक, टर्म प्लॅनवरचा, म्हणजे साध्या मुदतीच्या आयुर्विम्यावरचा, अपघाती पूर्ण अपंगत्वाचा रायडर, जास्तीचा हप्ता भरून जोडायचं कव्हर. त्याची व्याख्या वाचून मी हबकलो, दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर, नाहीतर आंघोळ, कपडे घालणं, जेवण, संडास-बाथरूम असल्या सहापैकी तीन गोष्टी स्वतःच्या स्वतः करता येत नाहीत तर, आणि तेही १८० दिवस तसंच राहिलं तर. मी स्वतःच्या हातानं जेवू शकतो पण फाइल धरू शकत नाही, तर या रायडरच्या हिशोबानं मला काहीच झालं नाही. तरी घेतला, कारण मोठ्या आपत्तीला तो लागतोच आणि हप्ता थोडा आहे.

दुसरा प्रकार पर्सनल अ‍ॅक्सिडेंटची पॉलिसी, आणि आपल्या कामाची हीच. यात कायमच्या अपूर्ण अपंगत्वाचा तक्ता असतो, तो प्रत्येक दाताच्या डॉक्टरनं वाचला पाहिजे. अंगठ्याची दोन्ही पेरं गेली तर विमा रकमेच्या २५ टक्के, एक पेर गेलं तर १०. तर्जनीची तिन्ही पेरं १० टक्के, मधलं बोट ६, अनामिका ५, करंगळी ४. माझ्या चुलतभावाची दोन बोटं सोयाबीनच्या थ्रेशरमध्ये गेली, तो आजही ट्रॅक्टर चालवतो, डवरणी करतो. त्याच्या तर्जनीला आणि माझ्या तर्जनीला तक्त्यात एकच भाव आहे. मग मी काय करायचं, तर विमा रक्कमच अशी घ्यायची की तिचे १० टक्के म्हणजे खरंच काहीतरी होईल. दोन लाखांच्या पॉलिसीचे १० टक्के वीस हजार, त्यात काय होते? पन्नास लाखांचे १० टक्के पाच लाख, त्यात दुसरं काही शिकायला, उभं राहायला वर्षभर मिळते. मी पन्नास लाखांची घेतली.

आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना सरल सुरक्षा बीमा नावाची एकसारखी अपघात पॉलिसी ठेवायला लावली, अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत, सगळीकडं अटी सारख्या म्हणून वाचायला सोपी. तिच्यात जास्तीचा हप्ता भरून तात्पुरत्या अपंगत्वाचं कव्हर जोडता येते, आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, जास्तीत जास्त १०० आठवडे. पन्नास लाखांवर आठवड्याला दहा हजार होतात. माझे ते दहा आठवडे आठवतात ना, त्याचे एक लाख झाले असते. माझ्याकडं तेव्हा फक्त बँकेच्या खात्यातून वीस रुपये कटणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना होती, दोन लाखांची, आणि ती मनगटाच्या फ्रॅक्चरला काही देत नाही. शेतकरी म्हणून बाबांच्या नावानं गोपीनाथ मुंडे अपघात योजना आहे, तिच्यातही एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाला तर एक लाख, बोटांचं तिथं कोण धरते. चुलतभावाला थ्रेशरच्या वेळी काहीच मिळालं नव्हतं. या योजना असू द्या, काढू नका, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता हे सगळं जायच्या आधीच का. प्रपोजल फॉर्ममध्ये व्यवसायाचा रकाना असतो, आज मी तिथं दंतवैद्यक लिहितो आणि मला सगळ्यात कमी जोखमीच्या गटात टाकतात, डॉक्टर, वकील, ऑफिसवाले त्याच गटात. सैन्यदलात आहे म्हटलं की काही कंपन्या वेगळा प्रश्नावलीचा फॉर्म देतात, पोस्टिंग विचारतात, काही जास्त हप्ता लावतात, काही सरळ नाही म्हणतात. मात्र याचा अर्थ लपवायचं असा कोणी काढू नका. माझं जॉइनिंग लेटर आलेलं होतं, मी ते दोन्ही फॉर्ममध्ये लिहिलं, सोबत झेरॉक्स जोडली. अपघात पॉलिसी वर्षावर्षाला रिन्यू होते आणि व्यवसाय बदलला तर कळवावं लागते, न कळवता क्लेमला गेलो तर पहिला प्रश्न तोच येतो. टर्म प्लॅन आणि त्याचा रायडर तसा नसतो, तो आज ज्या तब्येतीवर आणि ज्या व्यवसायावर मंजूर झाला तसा पुढं चालू राहते, म्हणून तो आधी घेण्यात खरा फायदा आहे. आणि हो, युद्ध आणि युद्धासारखी कारवाई माझ्या अपघात पॉलिसीत वगळलेली आहे, ते मी तीनदा वाचलं. ती बाजू फौजेची, सुट्टीतला अपघात, रस्त्यावरचा अपघात, परत आल्यावरची वर्षं ही माझी बाजू, असं मी वाटून घेतलंय.

मनगटाचं फ्रॅक्चर लिहायचं की नाही यावर एका एजंटाशी माझं चांगलंच वाजलं. तो म्हणे, "डॉक्टरसाहेब, जुनं झालं ते, कायले लिहून राहिले, लफडं वाढते." मला त्याचा खरंच राग आला, कारण उद्या हेच मनगट पुन्हा दुखावलं आणि कंपनीनं जुना एक्स-रे काढला तर तो एजंट माझ्या बाजूनं उभा राहणार नाही, हप्ते मात्र मी भरलेले असणार. मी लिहिलं. एका कंपनीनं उजवं मनगट वगळून पॉलिसी देऊ केली, म्हणजे ज्यासाठी घ्यायची तेच काढून. तिला नाही म्हटलं. दुसरीनं नवीन एक्स-रे आणि हाडाच्या डॉक्टरचं हाड पूर्ण जुळल्याचं पत्र मागितलं, ते दिलं, आणि काही न वगळता मंजूर केली. वीस दिवस गेले यात. तुमच्या हातात जॉइनिंगच्या आधी दोनच आठवडे असतील तर हे जमणार नाही, इंटरव्ह्यू झाला की लगेच लागा. आयुर्विम्यात तीन वर्षं झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही, विमा कायद्याचं कलम ४५, पण तीन वर्षांच्या भरवशावर खोटं लिहायचं ही काही रीत नाही.

कामठीला मेडिकल झालं तेव्हाही हेच केलं, मनगटाचं सांगितलं, पकड, हालचाल सगळी तपासली, फिट दिलं. धर्मवीर सिंग नावाच्या सैनिकाच्या डिसेबिलिटी पेन्शनच्या केसमध्ये २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असं धरायचं आणि नंतरच्या शंकेचा फायदा त्याला द्यायचा. या पेन्शनचे नियम २०२३ मध्ये पुन्हा बदलले आहेत, पण भरतीच्या कागदाचं महत्त्व तेवढंच आहे. त्या दिवसाच्या प्रत्येक कागदाची कॉपी मागून घ्या, माझं काय होतं आणि काय नव्हतं ते तिथं लिहिलेलं असते.

एक भोक मला बुजवता आलं नाही. दाताच्या डॉक्टरचा हात बहुतेक वेळा अपघातानं जात नाही, हळूहळू जातो. वाकून वाकून मान धरते, मग खांद्यातून मुंग्या बोटांपर्यंत येतात, कोणाला कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबणं, कोणाला कंप. माझे एक सर पन्नाशीच्या आतच फक्त ओपीडी बघू लागले, हात थरथरायचा म्हणून. याला अपघात पॉलिसी काही देत नाही. त्यासाठी मी वेगळं खातं काढलंय, पगारातून दर महिन्याला दहा हजार त्यात जाणार आणि कोणत्याही लग्नाला, बैलजोडीला, बोअरला त्याला हात लावायचा नाही असं बाबांकडून कबूल करून घेतलं. लूप्स पण घेतल्या, म्हणजे चष्म्यावर बसवलेली भिंगं, मान सरळ राहते त्यानं, महाग आहेत पण विम्याएवढ्याच गरजेच्या वाटतात मला.

काल रात्री एका ए-फोर कागदावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं. टर्म प्लॅनचा नंबर, अपघात पॉलिसीचा नंबर आणि रिन्यूची तारीख, काही झालं तर पहिल्या आठवड्यात कोणाला फोन करायचा, एजीआयएफ वेगळं आणि हे वेगळं, एक मिळालं म्हणून दुसरं सोडायचं नाही. बाबा चष्मा लावून एकेक ओळ मोठ्यानं वाचत गेले, आईला ऐकू जावं म्हणून. मग त्यांनी तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, सातबारा आणि बँकेच्या पासबुकांच्या वर, आणि मला विचारलं, "हा रिन्यूचा हप्ता मार्चमंधी येते ना? मंग तुरीच्या पैशातून मी भरून टाकतो, तू तिकडं रेंजमंधी असशीन-नसशीन."