बोल रे

त्याची फाइल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात सगळं नॉर्मल होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलं होतं. गाठ नाही, सूज नाही, दोन्ही स्वरतंतू सारखे हलतात. खाली एक ओळ अधोरेखित केलेली: 'बोलताना तंतू जुळत नाहीत, खोकताना जुळतात.' मी स्पीच थेरपिस्ट आहे. आमच्या कामात ही ओळ वाचली की अर्धं निदान झालेलं असतं. खोकायला तंतू घट्ट मिटावे लागतात. ते मिटतात, म्हणजे नसा शाबूत आहेत, यंत्र शाबूत आहे. आवाज आहे, पण बोलायला गेलं की येत नाही. याला फंक्शनल अफोनिया म्हणतात.

मुलगा सोळा वर्षांचा. पाच आठवडे झाले, नुसता कुजबुजत होता, तेही घरच्यांशीच. बाकीच्यांना मोबाइलवर टाइप करून दाखवायचा.

"मामेभाऊ गेला त्याचा, अपघातात," आई म्हणाली. "हा लहानपणापासून दादाच्या मागेमागे. नंतर आठवड्याभराने सर्दी झाली, आवाज बसला, तो बसलाच."

वडील दमलेले होते. "झोपलेल्याला उठवता येतं मॅडम, सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं? दिवसभर मागे लागतो मी. अरे, बोल रे, बोल रे. हा नुसता बघत राहतो."

मुलाने मान खाली घातली. मी ते पाहिलं, आणि सोडून दिलं.

सोंग नव्हतं, एवढं मी त्यांना सांगितलं. पहिल्या महायुद्धात घशाला साधा ओरखडाही नसलेल्या कितीतरी सैनिकांची वाचा गेली होती आणि त्यातल्या अनेकांना कामचुकार ठरवलं गेलं होतं. आवाज असा जातो तेव्हा माणूस तो लपवून ठेवत नसतो, त्याला तो खरंच सापडत नसतो. सर्दीने बसलेला आवाज सर्दी गेल्यावरही न परतणं, हे तर आम्ही नेहमी बघतो.

आई-वडिलांना बाहेर बसवून मी कामाला लागले. आधी खोकायला लावलं. मग खोकल्याच्या शेपटीला एक 'अं' जोडायचा. मग तो 'अं' लांबवायचा. इथे तो अडला. मी हेडफोन काढले. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, हे लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडलं. कानात मोठा खरखराट सोडला की स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, त्यावर पहारा ठेवता येत नाही, आणि अडलेला आवाज पुष्कळदा निसटून बाहेर येतो. त्याला एक उतारा वाचायला दिला. दोन ओळी नुसती हवा. तिसऱ्या ओळीच्या मधोमध आवाज आला. जाड, चिरकलेला, नुकताच फुटलेला मुलग्याचा आवाज.

मी ते रेकॉर्ड करत होते. आता जे लिहिते आहे, ते लिहायला मला अजून जड जातं. मी हेडफोन काढले आणि माझ्या मोबाइलवरून त्याला ते ऐकवलं. "बघ, तुझाच आवाज आहे हा." वीस मिनिटांत केस सोडवली होती मी, खुशीत होते. आईला आत बोलावलं. तो "हो" म्हणाला, "बरं वाटतंय" म्हणाला. आई रडली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, दमला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. आवाज पुन्हा गेला होता. आता कुजबुजही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी हेडफोन टेबलावर ठेवलेच नाहीत. म्हटलं, आज आवाजाचं काही करायचं नाही. चूक माझी होती, मी घाई केली. त्याने खांदे उडवले. आम्ही बराच वेळ नुसतेच बसलो होतो. मग माझा मोबाइल वाजला.

माणसं वाजणाऱ्या फोनकडे बघतात. तो माझ्या हाताकडे बघत होता. मी उचलते की नाही, याकडे. हात पुढे गेला तशी त्याची बोटं खुर्चीच्या कडेवर आवळली, नखं पांढरी झाली. मी फोन न उचलता पालथा ठेवला. रिंग थांबेपर्यंत त्याने श्वास घेतला नव्हता.

"फोनचं काही आहे का?" मी विचारलं.

बऱ्याच वेळाने त्याने टाइप केलं: 'तुम्ही कोणाला सांगणार?'

माझं उत्तर मी मोजून दिलं. तू सांगशील ते तुझ्या परवानगीशिवाय माझ्याकडून बाहेर जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही आणि ते तुला आधी सांगून करेन. त्याने ते दोनदा वाचल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग टाइप करत गेला. मध्येच अंगठा थांबला आणि पुढचं कुजबुजत आलं.

दादा गाडीवर होता. याने फोन केला. चार्जर आणायला सांगायचं होतं, बस. पहिला फोन दादाने कट केला. याने लगेच पुन्हा लावला. दादाने उचलला, म्हणाला, "बोल रे." मग मोठा आवाज आणि मग काहीच नाही. "हॅलो, दादा, हॅलो." किती वेळा म्हटलं ते त्याला माहीत नाही.

"मग मी कट केला," तो म्हणाला. ही चार अक्षरं, 'कट केला', पूर्ण आवाजात आली. त्याला कळलंही नाही.

कट केला आणि कॉल लॉगमधून ते दोन्ही कॉल पुसले. बाहेर आई होती. तिला सांगितलं नाही. पाऊण तासाने घरी बातमी आली, तेव्हा सगळ्यांसोबत तोही रडला. दादाचा मोबाइल अपघातात चुरडला होता. मामा म्हणत राहिला, तो कोणाशी बोलत होता ते एकदा कळायला हवं.

त्याचं ओझं मला फोनचं वाटलं होतं. होतं त्या पाऊण तासाचं. तेव्हाच सांगितलं असतं तर दादा वाचला असता, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

मी सरळ विचारलं, जगू नये असं वाटतं का? असं विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात नव्याने शिरत नाही, उलट मनात असेल तर बाहेर यायला वाट मिळते. तो म्हणाला, "रोज नाही."

त्या दोन शब्दांनंतर माझ्या हातात निवड नव्हती. मी त्याला तसं सांगितलं. फोनचं मी कोणाला सांगणार नाही, ते तुझं आहे. पण हे आजच आई-बाबांना सांगावं लागेल आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं लागेल. माझं शिक्षण आवाजाचं, हे काम माझं एकटीचं नाही. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, "आईला मीच सांगू?"

मी बाहेर जाऊन वडिलांजवळ बसले. दारातून शब्द कळत नव्हते, फक्त आवाज. त्याचा घोगरा, अडखळणारा. मग बराच वेळ काही नाही. मग आईचा, एकाएकी मोठा: "अरे, पण तो जागच्या जागी गेला होता! डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं!"

हे त्याला कोणीच सांगितलेलं नव्हतं. मुलासमोर कशाला, म्हणून घरातली मोठी माणसं ती गोष्ट दुसऱ्या खोलीत बोलत होती.

वडील उठून उभे राहिले, पुन्हा बसले. म्हणाले, "आत जाऊ का?" मी म्हटलं, थांबा थोडं.

त्याने सगळं सुटलं नाही. उपचार पुढे कित्येक महिने चालले, आवाज मधूनमधून जायचा. शेवटच्या तपासणीला तो आला तेव्हा सोबत मामा होता. मामाला काय सांगितलंय, हे मी विचारलं नाही. मी लिहीत असताना मामाचा फोन वाजला. त्याने खिशातून काढला, स्क्रीनकडे पाहिलं, मग भाच्याकडे पाहिलं आणि तसाच हातात धरून राहिला.

"घे ना मामा," मुलगा म्हणाला. "आपण बसलेलोच आहोत."