क्लाउडवरची संमती मागे घेताना : माझा अनुभव

माझ्या क्लाउड खात्यातील छायाचित्रे आणि कागदपत्रे ‘सेवा सुधारण्यासाठी’ वापरण्याची संमती मी मागे घेतली, आणि बऱ्याच काळाने ती मागे घेतली गेल्याचे कंपनीने लेखी कळवले. मधल्या काळात जे घडले त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

जाहिराती, शिफारसी, ठिकाणाची नोंद आणि चेहऱ्यांनुसार छायाचित्रांचे गट करणे, या सगळ्यांची बटणे सेटिंगमध्ये सापडली आणि तेथेच बंद झाली. ‘सेवा सुधारणा’ या मोघम नावाखाली साठवलेल्या मजकुराचे जे विश्लेषण होते, त्याला मात्र बटण नव्हते; त्यासाठी अर्ज होता.

अर्ज पाठवल्यावर उत्तर आले की, ओळख पटवण्यासाठी सरकारी छायाचित्र-ओळखपत्राची प्रत अपलोड करावी. वास्तविक पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला कोड असे दोन्ही देऊनच मी खात्यात शिरले होते आणि अर्जही तेथूनच केला होता. तेवढ्याच ओळखीवर मला खात्यातील प्रत्येक फाइल कायमची पुसता आली असती, संपूर्ण खातेही बंद करता आले असते. पण ‘या फायली वापरू नका’ एवढे सांगण्यासाठी तीच ओळख अपुरी ठरत होती. शिवाय माझी जन्मतारीख किंवा पत्ता या खात्यात कधीच दिलेला नव्हता, मग ओळखपत्रावरचा मजकूर हे लोक कशाशी ताडून पाहणार होते? आपली कमी माहिती वापरली जावी म्हणून जो अर्ज करतो, त्याच्याकडूनच अधिक माहिती गोळा करण्याचा हा प्रकार होता.

मी नकार कळवला, तेव्हा ‘विनंती अपूर्ण’ म्हणून तिकीट, म्हणजे मदतकक्षातील माझ्या अर्जाची नोंद, बंद झाले. नवे तिकीट उघडले की उत्तर देणारी व्यक्ती नवी, आणि तिला आधीचा पत्रव्यवहार दिसत नाही. त्यामुळे माझे म्हणणे दर वेळी पहिल्यापासून मांडावे लागे आणि शेवटी ओळखपत्राची तीच मागणी पुन्हा येई. संमती घेताना एका बटणावर भागले होते, हे मदतकक्षातील कोणालाही विसंगत वाटत नव्हते.

गाडी पुढे सरकली ती कंपनीचे गोपनीयता धोरण शेवटपर्यंत वाचल्यावर. युरोपीय संघाच्या 2018 पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीतील हक्क आपण सर्वच वापरकर्त्यांना देतो, असे त्यात कंपनीने स्वतःच लिहिले होते. त्या नियमावलीचे 7 वे कलम सांगते की, संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. आणि 12 व्या कलमानुसार अर्जदाराच्या ओळखीबद्दल वाजवी शंका असेल तरच जादा माहिती मागता येते. मदतकक्षाला वगळून, धोरणात दिलेल्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर मी ही दोन कलमे नोंदवली, खात्यात नोंदवलेल्या ई-मेलवर येणाऱ्या कोडने ओळख पटवून देण्याची तयारी दाखवली आणि शंका नेमकी कोणती, ते विचारले. शंकेचे उत्तर आलेच नाही. कोड मात्र आला. तेव्हा जो आनंद झाला, तो लपवत नाही.

विनंतीची तारीख लिहून ठेवावी, कारण त्या नियमावलीप्रमाणे उत्तराची मुदत एक महिन्याची आहे; ती आणखी दोन महिने वाढवता येते, पण तसे पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. हे सगळे सुरू करण्याआधी आपल्या संपूर्ण संग्रहाची प्रत उतरवून घ्यावी, हे खरे तर वरच सांगायला हवे होते. ती उतरवण्यासाठी मिळणारा दुवा काही दिवसांतच निकामी होतो, आणि छायाचित्रांच्या तारखा कधी कधी वेगळ्या फायलींत येतात, म्हणून त्या फायली कचरा समजून टाकू नयेत. खात्याला जोडलेली इतर अ‍ॅप स्वतंत्रपणे तोडावी लागतात. कंपनीला दिलेली संमती मागे घेतल्याने त्यांची परवानगी संपत नाही.

संमती मागे घेतल्याने आधी झालेला वापर बेकायदा ठरत नाही, हेही त्याच 7 व्या कलमात आहे. म्हणून खासगी कागदपत्रे मी आता क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने स्वतःच्या संगणकावर कूटबद्ध करते, म्हणजे माझ्या पासवर्डशिवाय वाचता येणार नाहीत अशी करते, आणि मगच क्लाउडवर चढवते. त्यामुळे क्लाउडवर त्या कागदपत्रांतला मजकूर शोधता येत नाही, ही गैरसोय मला चालते. छायाचित्रांच्या बाबतीत ती चालली नाही, म्हणून छायाचित्रे पूर्वीसारखीच ठेवली आहेत.