पाय मोडू दे म्हणे!

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज लेकीची एकांकिका होती, दादरला शिवाजी मंदिरात. दुपारी हातावरचं दही-साखर चाटत ती दारात उभी, आणि मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज लागला, सगळ्या घराला ऐकू जाईल असा: ‘ब्रेक अ लेग!’

आईला तेवढं इंग्रजी कळतं. त्यात गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकरशिवाय पाऊल टाकत नाही. ‘शुभ बोल रे नाऱ्या! कोण ही भवानी, पाय मोडायला सांगणारी?’

लेक हसत सुटली. ‘जाते गं आजी.’

‘येते म्हण!’

ती गेली आणि समजूत काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. म्हटलं, अगं, तिकडच्या नाटकवाल्यांत ‘गुड लक’ म्हणणंच अपशकुनी. चांगलं बोललं की नशिबाला सुगावा लागतो आणि ते मुद्दाम उलटं वागतं. म्हणून आपणच आधी वाईट बोलून ठेवायचं. १९२१ साली रॉबर्ट लिंड नावाच्या आयरिश लेखकाने ‘न्यू स्टेट्समन’मध्ये हीच रीत घोड्यांच्या शर्यतीवाल्यांची म्हणून सांगितली होती, अंधश्रद्धेत नाटकवाल्यांचा नंबर त्याने त्यांच्या खालोखाल लावला होता. जर्मन तर मान आणि पाय दोन्ही मोडायला सांगतात, ‘हाल्स उंड बाइनब्रुख’. आता हे मूळचे यिद्दिशमधले यश आणि आशीर्वाद असे शब्द, ऐकणाऱ्यांनी मोडतोड केलेले, असंही बरेच जण मानतात. फ्रेंच नट एकमेकांना काय म्हणतात ते मात्र आईला सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही.

आईचं एकच. ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. घरात असलं बोलू नये.’

मी नाद सोडला, चहा टाकायला उठलो. तर पाठीमागून आवाज, ‘म्हणजे आपल्या धोंडूसारखंच की!’

धोंडूमामा तिचा थोरला भाऊ. त्याच्या आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून याचं नाव धोंडू. यमालाही वाटावं, दगड नेऊन काय करायचंय? मामा ८४ वर्षं जगला. मी आपला लंडन-बर्लिन फिरून आलो, आणि उत्तर आजोळच्या पाळण्यात होतं.

आपल्याकडे हल्ली सगळ्याला एकच, ‘ऑल द बेस्ट’. दहावीचा पेपर असो, मुलाखत असो, नाहीतर बायपास. बेचव शब्द आहे, पण मीही तोच वापरतो. ‘टच वूड’ म्हणत लोकलमध्ये हात कुठे लावायचा, हा आणखी एक प्रश्न. स्टीलच्या दांडीवर भागवतात लोक. ‘गॉडस्पीड’ची तर माझी वेगळीच गंमत. कित्येक वर्षं मला वाटायचं, देव तुला वेग देवो, म्हणजे बोरिवली फास्ट मिळो. पण जुन्या इंग्रजीत स्पीड म्हणजे यश, भरभराट. म्हणजे आपलं ‘यशस्वी हो’च. हा शब्द आईला आवडेल, उद्या सांगतो.

पावणेअकराला लेकीचा फोन आला. प्रयोग रंगला, एक एंट्री चुकली, निकाल उद्या. आई झोपली असेल असं वाटलं होतं, पण आतून विचारलंच:

‘पाय शाबूत आहेत ना तिचे?’