पत्र्याच्या पातळीतला अँटेना

विमानाच्या अंगाबाहेर काहीही डोकावता कामा नये, आणि २ ते १८ गिगाहर्ट्झ एकाच अँटेनाने ऐकायचं. अशी मागणी आली की चर्चा लगेच बँडविड्थवर, म्हणजे अँटेना फ्रिक्वेन्सीचा केवढा पट्टा झेलतो यावर, जाते. मी आधी विचारते, पत्र्याच्या आत खोली किती मिळणार?

साधा पॅच, म्हणजे धातूच्या पातळ तुकड्याचा अँटेना, सपाट असतो, पण बँडविड्थ जेमतेम काही टक्के. इथे वरची फ्रिक्वेन्सी खालच्याच्या नऊपट! व्हिवाल्डीची, म्हणजे कर्ण्यासारखी रुंदावत जाणारी फट असलेल्या पातळ अँटेनाची, बँडविड्थ झकास, पण त्याचा बीम टोकाच्या दिशेने जातो. बाहेर बघायचं तर तो उभा गाडावा लागतो, तेवढी खोली कुणीच देत नाही. माझा कौल स्पायरलला, म्हणजे सपाट तबकडीवर गोल गोल फिरत जाणाऱ्या धातूच्या भुजांच्या अँटेनाला.

स्पायरलचं काम मला आजही सुंदर वाटतं. ज्या कड्याचा परीघ एका तरंगलांबीएवढा, तिथूनच तो मुख्यतः रेडिएट करतो. १८ गिगाहर्ट्झला साधारण ५ मिलिमीटर व्यासाचं आतलं कडं, २ ला ४८ मिलिमीटरचं बाहेरचं. म्हणून तबकडी ६०च्या आसपास धरावी. भुजांची टोकं मात्र तशीच सोडू नका. उरलेला करंट तिथून मागे फिरतो, उलट्या फिरकीचं पोलरायझेशन (लाटेच्या विद्युत क्षेत्राची फिरती दिशा) मिसळतं आणि अ‍ॅक्शियल रेशो, म्हणजे ती फिरकी किती गोल आहे याचं माप, बिघडतो. टोकांना रेझिस्टिव्ह लोडिंग, म्हणजे उरलेला करंट जिरवणारा रोध, द्या.

खरी अडचण पाठीमागे आहे. स्पायरल दोन्ही बाजूंना सारखाच रेडिएट करतो. ३७.५ मिलिमीटर खोल रिकामी कॅव्हिटी (स्पायरलमागचा धातूचा डबा) २ गिगाहर्ट्झला पाव तरंगलांबी भरते, तळावरून परतलेली लाट पुढच्या लाटेला साथ देते. ४ ला तीच खोली अर्धी तरंगलांबी होते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून कॅव्हिटीत लाटा शोषणारा अ‍ॅब्सॉर्बर भरायचा. मागची अर्धी पॉवर, म्हणजे ३ डेसिबल, गेली. डिझाइन रिव्ह्यूत यावर हमखास वाद होतो. फक्त ऐकणारी सिस्टिम असेल तर हे ३ डेसिबल द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. सगळ्या बँडभर पॅटर्न, म्हणजे कुठल्या दिशेला किती ऐकू येतं ते, सारखा मिळतो, आणि दिशा शोधायला तोच लागतो. मोठ्या पॉवरने ट्रान्समिट करायचं असेल तर नको, अ‍ॅब्सॉर्बर तापतो.

खोलीचा हिशोब करताना बालन, म्हणजे केबल आणि दोन भुजा यांच्यामधला जोड, विसरू नका. दोन भुजांच्या स्पायरलचा इम्पिडन्स हवेत तत्त्वतः १८८ ओहम, केबल ५० ओहमची. हे जुळवणारा बालन बहुधा त्याच कॅव्हिटीत उभा राहतो.

आणि चेंबरमध्ये (लाटा परत न फिरवणाऱ्या मोजणीच्या दालनात) सुटा अँटेना मोजून थांबू नका. मोठ्या प्लेटमध्ये बसवून, कडेच्या फटीत कंडक्टिव्ह गॅस्केट घालून पुन्हा मोजा. फट राहिली तर तिथूनही रेडिएशन होतं आणि पॅटर्नवर रिपल, म्हणजे बारीक चढउतार, दिसतो. विमानाचा पत्रा तिथे गोलाईत असेल, तर प्लेटही तशीच गोलाईत करून घ्या.